आईची एफडी मोडून एसीचा कोर्स करावा का?

प्रश्न: मी गोव्यातल्या डिचोलीचा, वय 24, बारावी पास. दुकानात 15,000 पगार आहे, त्यातले 6,000 घरी देतो. शिल्लक 1,80,000. एसी-फ्रीज दुरुस्ती शिकायची आहे. पुण्यात एका खाजगी संस्थेचा सहा महिन्यांचा कोर्स 1,40,000 ला आहे, राहणं-जेवण महिना 9,000. कमी पडतील ते आईची एफडी मोडून घालू का?

उत्तर: धंदा चांगला निवडलात. एफडीला मात्र हात लावू नका.

फी आणि राहणं मिळून 1,94,000. घरी द्यायचे 36,000 धरले तर 2,30,000. म्हणजे तुमची पुंजी संपून आईचे 50,000 जाणार, आणि परत आल्यावर हत्यारं घ्यायला हातात काही उरणार नाही.

त्यापेक्षा सरकारी आयटीआयचा रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड बघा. दहावी पास चालतो, फी नगण्य, जेवण घरचं. 24 महिने घरी 6,000 दिलेत तरी 1,44,000 होतात. उरलेले 36,000 बसभाडं आणि किरकोळ खर्चाला. पगार मात्र 3,60,000 चा बुडेल, पुण्याला गेलात तर 90,000 चा. हा फरक मोठा आहे, तरीही मी आयटीआयच म्हणेन. देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं, पुढे स्टायपेंड घेऊन अप्रेंटिसशिप करता येते. मुख्य म्हणजे हात बसायला वेळ मिळतो.

हात बसणं म्हणजे काय, ते माझ्याच घरी पाहिलं. एका मेकॅनिकने दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरला, तीनदा पैसे घेतले. चौथ्या वेळी दुसरा मुलगा आला. त्याने पाइपच्या नटावर साबणाचा फेस लावला, गळतीचे बुडबुडे दाखवले, फ्लेअर म्हणजे पाइपचं पसरवलेलं टोक नव्याने केलं, आतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावला आणि मगच गॅस सोडला. आता त्याला मी सोडत नाही. नव्या एसींतला आर-32 गॅस तर पेट घेऊ शकतो, तिथे अर्धवट शिकलेला माणूस धोक्याचा.

प्रवेशाआधी या उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी एखाद्या मेकॅनिकबरोबर हेल्पर म्हणून जा. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर दिवस काढल्यावरही काम आवडलं, तर पुढे जा. व्हॅनचं कर्ज आताच नको, सुरुवातीला स्कूटर पुरते.

गोव्यात पावसाळा हा या धंद्याचा सुका काळ. एसीचे फोन थंडावतात, हॉटेलं अर्धी रिकामी. 1 जून ते 31 जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद असतात, त्यामुळे बर्फाच्या कारखान्यांतलं कामही मंदावतं. म्हणून औषधांची दुकानं, दुधाच्या एजन्सी, बेकऱ्या यांचे वार्षिक करार धरा. त्यांचे फ्रीज बारा महिने चालतात. आणि मेमधली कमाई सप्टेंबरपर्यंत पुरवून खायची सवय लावा.

हेल्पर म्हणून जाण्याआधी एकदा बँकेत जा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावर एसीचं बाहेरचं युनिट बसवायला कुणी सुरक्षा पट्ट्याशिवाय उतरायला सांगितलं, तर त्या दिवसाची मजुरी सोडा आणि घरी या.