घरापासून दूर सेवा करताना प्रार्थना कोरडी वाटते. तरुण मिशनरीने विश्वास कसा टिकवावा?
मनात उभारी परत येण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी बायबलमधील स्तोत्रसंहितेतील विलापाची स्तोत्रे मोठ्याने वाचावीत आणि तक्रार देवापुढेच मांडावी. पुण्यातील आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) तरुण सेवकांना याचाच आधार झालेला मी पाहिला आहे. ८८ वे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते, तरीही त्याला पवित्र शास्त्रात स्थान आहे. बायबलमधील १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करत नाही, तर निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी देतो आणि पुन्हा झोपू देतो. (कॅम्पापासून पिंपरीपर्यंत उपाशीपोटी घरभेटी करत फिरणारे नेमके हेच विसरतात.) मात्र झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ हरपली असेल, तर पाळकांना सांगून डॉक्टरांकडेही जावे.