‘माझी लेक दगड झाली का?’

साखर कारखान्यांचा हंगाम संपला की माझ्याकडे येणाऱ्या आयांची संख्या वाढते. मी अंबाजोगाईला समुपदेशन करते. केज, धारूर, वडवणीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया येतात. सहा-सहा महिने नातेवाइकांकडे ठेवलेली लेकरं पुन्हा समोर येतात, आणि ती काहीशी परकी झालेली असतात. प्रत्येकीचे शब्द वेगळे, पण विचारणं एकच: लहानपणी हाल झाले, आता याचा स्वभाव कायमचा असाच राहणार का?

गेल्या वर्षी एक माय-लेक आल्या होत्या. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. मुलगी एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, इंग्रजी विषय घेतलेला. आईच्या हातांवर उसाच्या पात्यानं चिरलेल्या रेघा होत्या. टेकल्या टेकल्या तिनं सुरू केलं, “म्याडम, हिचं काळीज दगडाचं झालंय. आजा गेला तर डोळ्यात टिपूस न्हाई. आता चुलत बहिणीचं लगीन हाय, तर पाय ठिवनार न्हाई म्हनती. चुलतीनं आठ वर्सं सांभाळलं की हिला!”

‘सांभाळलं’ म्हटल्यावर मुलीनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. चहाबरोबर बिस्किटं होती. तिनं एक खाल्लं आणि दुसरं कागदात नीट गुंडाळून पिशवीत ठेवलं, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं. भूक लागली तरी मागायचं नाही, हे फार लवकर शिकलेलं लेकरू असं करतं. दगडाला उद्याची भूक लागत नाही. मला तिथंच वाटलं की आईचं निदान चुकतं आहे.

पिशवीत एक जाड पुस्तक दिसलं. अभ्यासाला लावलेली कादंबरी, ‘जेन एअर’. स्वतःबद्दल ती बोलणार नाही हे दिसतच होतं, म्हणून म्हटलं, “मला गोष्ट सांग यातली.”

आणि ती सांगत सुटली. शार्लट ब्राँटेनं १८४७ मध्ये टोपणनावानं छापलेली ही कादंबरी. दहा वर्षांची अनाथ जेन मामीच्या घरी वाढते. मामेभाऊ तिला पुस्तक फेकून मारतो, ती उलटून भिडते, आणि मामी तिलाच लाल खोलीत कोंडते. मामा वारला ती ही खोली. पोर भीतीनं बेशुद्ध पडते. पुढं तिला लोवूडच्या शाळेत पाठवतात. तिथं करपलेली लापशी, कडाक्याची थंडी, आणि सगळ्या शाळेसमोर स्टुलावर उभं करून ‘ही खोटारडी आहे’ असं जाहीर करणारा शाळेचा कारभारी.

इथं तिचा आवाज बदलला. “मॅडम, मलापण कडब्याच्या खोलीत कोंडलं होतं. वीस रुपयांसाठी. ते पैसे मी घेतलेच नव्हते.”

आई जागची हलली नाही.

अशा मुलींचं आपल्याकडे कौतुक होतं, “सोसलं म्हणून घडली.” मला हे वाक्य सहन होत नाही. त्याच शाळेत जेनची मैत्रीण हेलनही तेच सोसते आणि क्षयानं मरते. ब्राँटेच्या दोन थोरल्या बहिणी अशाच एका शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि १८२५ मध्ये वारल्या. हालांनी माणूस घडत असता तर त्या आधी घडल्या असत्या. जेन तगली, कारण मामीच्या घरी बेसी नावाची दाई होती. रागवायची, पण गोष्टीही सांगायची. शाळेत हेलन होती, आणि मिस टेंपल या मुख्य बाई होत्या. त्या जेनचं सगळं ऐकून घेतात. तिनं नाव घेतलेल्या औषधवाल्याला पत्र लिहून खातरजमा करतात, आणि उत्तर आल्यावर भरल्या शाळेसमोर सांगतात की जेनवरचा आरोप खोटा आहे. समुपदेशक म्हणून मला हा प्रसंग सगळ्यात मोलाचा वाटतो. ऐकणं, खरं धरणं, आणि चारचौघांत कलंक लावला, तो चारचौघांतच धुऊन काढणं.

हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. फार बिकट परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं धड, समर्थ माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे जीव लावणारं निदान एक मोठं माणूस, मग ते आजी असो की शिक्षक.

म्हणून मी मुलीला विचारलं, “तुझी बेसी कोण?” आधी म्हणाली, कुणीच नाही. बऱ्याच वेळानं शेजारची एक म्हातारी आठवली. ती रविवारी केस विंचरून द्यायची आणि भाकरीवर शेंगदाण्याची चटणी ठेवून हातात द्यायची. “मी तिला कधी काही सांगितलं नाही. तिला कळायचं.”

“अन् मायला सांगितलं होतंस?”

“फोनवर. माय म्हनली, गप ऱ्हा, चार महिने काढ.”

राग चुलतीवर होताच. पण मुळात तो इथं अडकला होता. मी आईकडं पाहिलं. ती पदर चाळवत बसली होती. मग लेकीकडं न बघताच म्हणाली, “मला तवाच खरं वाटलं हुतं गं. पन मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल फिटली नव्हती. खरं हाय म्हनलं असतं तर तुला न्यायला यावं लागलं असतं.”

मुलगी काही बोलली नाही. रडलीही नाही. फक्त खुर्चीच्या कडेवर बसली होती, ती मागं सरकून टेकून बसली.

लग्नाला जाण्याचा आग्रह धरू नका, असं मी आईला स्पष्ट सांगितलं. जेनसुद्धा मामीला माफ करते, पण मोठी झाल्यावर, स्वतःच्या पायावर उभी असताना, स्वतःहून. आणि मरणाच्या दारातली मामी तेव्हाही निवळत नाही. दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेली माफी म्हणजे पुन्हा एकदा ‘गप ऱ्हा’. जी मुलगी नको म्हणू शकते, तिच्यात आतून काहीतरी धड शिल्लक आहे.

आणखी चार वेळा त्या आल्या. लग्नाच्या आठवडाभर आधी दोघी गावी जाऊन त्या म्हातारीला भेटून आल्या. तिला आता दिसत नाही. तिनं मुलीचे केस चाचपले आणि म्हणाली, “तेल घालत न्हाईस व्हय?”

लग्नाला आई एकटीच गेली. मांडवात चुलतीनं पाहुण्यांसमोर विचारलं, लेक कुठंय, लई शिकली म्हणून गर्व आला का. आई म्हणाली, “ती येनार न्हाई. ते पैसे तिनं घेतलेले नव्हते.”