वन बीएचकेसाठी छोटं शंटिंग इंजिन घ्यावं का? वापरणाऱ्यांचा अनुभव काय?

तुमचा प्रश्न असा आहे: घरात हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीचा मॉडेल रेल्वेचा एक ओव्हल सेट आहे, मानपाड्याच्या वन बीएचकेत जागा म्हणजे भिंतीलगतची एक फळी, आणि आता एक छोटं शंटिंग इंजिन, म्हणजे यार्डात डबे ओढून-ढकलून लावणाऱ्या इंजिनाचं मॉडेल, घ्यायचं मनात आहे. ब्रिटिश क्लास 08 घ्यावं की अमेरिकन 44-टनर, आणि ज्यांनी घेतलंय ते समाधानी आहेत का?

माझ्याकडे दोन्ही आहेत. शिवाय ठाणे, ऐरोली, वाशी या पट्ट्यातले आम्ही काही जण आपापली इंजिनं घेऊन एकमेकांच्या घरी जमतो, त्यामुळे एकच इंजिन वेगवेगळ्या रुळांवर कसं वागतं ते बघायला मिळतं.

इंजिन जरूर घ्या. फक्त ते किती जोरात पळतं हे बघू नका, किती हळू चालतं ते बघा. कल्याण यार्डात शंटिंग बघितलं असेल तर डबा जोडायला इंजिन कसं येतं ते आठवा. शेवटच्या काही मीटरांत ते माणसाच्या चालण्याइतकंच सरकत असतं. ताशी 5 किलोमीटर धरले तर 1:87 या एचओ प्रमाणात सेकंदाला साधारण 16 मिलिमीटर होतात. म्हणजे फूटभर रूळ पार करायला 19 सेकंद. तुमच्या हॉर्नबी सेटचं प्रमाण ओओ, म्हणजे 1:76, तिथे 17 सेकंद धरा. रुळाशेजारी फूटपट्टी ठेवा, मोबाइलवर वेळ लावा, आणि विकणाऱ्याला हे चालवून दाखवायला सांगा. जे इंजिन न अडखळता एवढं हळू जातं ते घ्यावं. रंग, बारकावे, आवाज हे सगळं त्याच्यानंतर.

आमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांची पहिली तक्रार एकच होती: ‘पॉइंटवर बंद पडतं.’ पॉइंट म्हणजे एका रुळाचे दोन फाटे होतात तो सांधा. यात इंजिन खराब असतंच असं नाही. वीज रुळातून चाकात आणि चाकातून मोटरला जाते, म्हणून कुठल्याही क्षणी दोन्ही बाजूंचं निदान एकेक चाक स्वच्छ, जिवंत धातूवर टेकलेलं असावं लागतं. लांब इंजिनाला याची फिकीर नसते, छोट्याला असते. क्लास 08 ला सहा चाकं, आणि खऱ्या इंजिनाच्या पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर 11 फूट 6 इंच. ओओमध्ये ते 46 मिलिमीटर भरतं. तुमच्या सेटमधल्या पॉइंटवर जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तो व्ही आकाराचा तुकडा प्लास्टिकचा आहे, म्हणजे तिथे वीज नाही. एक चाक त्या तुकड्यावर आणि त्याच बाजूची उरलेली दोन्ही धुळीच्या कणांवर आली की इंजिन जागीच उभं राहतं. मग बोटाने ढकलावं लागतं, आणि शंटिंगची सगळी मजा तिथेच जाते.

44-टनरला दोन बोगी आणि आठ चाकं. आठही चाकांतून वीज घेणारं मॉडेल असेल तर तेच पॉइंट ते बरंच सहज ओलांडतं. पण त्याची दुसरी बाजूही ऐका. 1937 च्या कामगार करारामुळे अमेरिकेत 90,000 पौंड किंवा जास्त वजनाच्या इंजिनावर चालकाबरोबर फायरमन ठेवणं भाग झालं. म्हणून जनरल इलेक्ट्रिकने 88,000 पौंडांचं, म्हणजे तिकडच्या मापाने 44 टनांचं इंजिन काढलं आणि 1940 ते 1956 या काळात ते बनवलं. त्यात मधोमध केबिन आणि दोन टोकांना बुटके हूड, म्हणजे इंजिनावरची पेटीसारखी झाकणं, प्रत्येक हुडात एकेक डिझेल इंजिन. हीच बुटकी ठेवण मॉडेलला महागात पडते, कारण मोटर, गिअर आणि वजनाचा ठोकळा बसवायला आत जागाच उरत नाही. काही जुन्या मॉडेलांत म्हणून प्रत्येक बोगीला वेगळी छोटी मोटर असायची. अशा मॉडेलांत अ‍ॅक्सलवरचं प्लास्टिकचं गिअर वर्षांनी चिरतं. ओळखायची खूण सोपी आहे: चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा एक ठोका येतो आणि इंजिन किंचित उसळतं. सेकंडहॅंड घेत असाल तर एकदम हळू चालवून कान लावा. वेगात तो ठोका ऐकू येत नाही.

क्लास 08 चं नेमकं उलटं. एका टोकाला केबिन आणि पुढे लांबलचक हूड, त्यामुळे आत मोठी मोटर आणि भरपूर वजन बसतं. खरी इंजिनं 1952 ते 1962 मध्ये 996 बनली, 350 अश्वशक्तीची, आणि ब्रिटनमध्ये दशकानुदशकं यार्डांचं काम त्यांनीच ओढलं. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएस-6 या शंटिंग इंजिनाची ठेवणही साधारण अशीच, एका टोकाला केबिन आणि लांब हूड. त्यामुळे असेल, कळव्याचे आमच्यातले एक निवृत्त लोको पायलट 08 हातात घेतल्यावर खाली ठेवायला तयार नव्हते. तेच म्हणाले, “आधी रॉड बघ.” 08 च्या चाकांना बाहेरून क्रँक आणि जोडदांडे असतात. डाव्या-उजव्या बाजूच्या क्रँकमध्ये 90 अंशांचा फरक असतो. त्यातली एखादी जरा जरी सरकली तरी प्रत्येक फेऱ्यात दांडा एका जागी क्षणभर अडतो आणि मग सुटतो. डोळे रुळाच्या पातळीवर आणून बघितलं तर हे स्पष्ट दिसतं. दांडे घड्याळाच्या काट्यासारखे एकसंध फिरत असतील तर इंजिन चांगलं आहे, बिनधास्त घ्या.

पॉइंटवर अडण्याला खरा उपाय रुळाच्या बाजूने करावा. तो व्ही धातूचा असलेले पॉइंट मिळतात. पॉइंट फिरेल तशी त्याची पोलॅरिटी बदलणारा छोटा स्विच जोडला की 08 सुद्धा लोण्यातून सुरी फिरावी तसं जातं. डीसीसीवर, म्हणजे रुळातून डिजिटल आज्ञा पाठवायच्या पद्धतीवर, जाणार असाल तर इंजिनातल्या डीकोडरला (त्या आज्ञा वाचणाऱ्या चिपला) कपॅसिटरचा ‘कीप-अलाइव्ह’ जोडता येतो. क्षणभर वीज तुटली तरी इंजिन चालत राहतं. ऐरोलीच्या मित्राने तो 44-टनरच्या केबिनमध्ये बसवलाय. जागा इतकी कमी की चालकाची आकृती काढावी लागली, पण त्यानंतर ते इंजिन पॉइंटवर थांबलेलं मी बघितलेलं नाही. डीकोडरमध्ये सीव्ही नावाची सेटिंग असतात: सीव्ही 2 म्हणजे सुटतानाचा व्होल्टेज, सीव्ही 3 आणि 4 म्हणजे वेग चढण्या-उतरण्याचा संथपणा. शंटिंगची खरी रंगत या तीन आकड्यांत आहे, त्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवा.

आता आपल्या हवेबद्दल. घोडबंदर रोडच्या पट्ट्यात बांधकामांची धूळ, आणि जून ते सप्टेंबर दमट हवा. पावसाळ्यात दोन दिवस रूळ पुसला नाही की इंजिन तिसऱ्या दिवशी झटके देतं. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसायचा आणि इंजिनाची चाकंही. पुसताना वीज बंद ठेवा आणि देवघरातला दिवा लांब असू द्या, कारण हे अल्कोहोल पटकन पेट घेतं. पॉलिश पेपर वापरू नका, ओरखड्यांत मळ आणखी बसतो.

गणपतीच्या आरासीत हे इंजिन गोल फिरवायचा मोहही आवरा. वाशीच्या एका मित्राने तासन् तास फिरवलं तेव्हा बॉडीवर बोट ठेवलं तरी चटका बसत होता. थांबत थांबत काम करायला बनवलेली ही मोटर आहे. आरासीसाठी सेटमधलं जुनं इंजिनच बरं.

आवाजाच्या आवृत्तीवर जास्तीचे पैसे घालू नका. एवढ्याशा बॉडीत नखाएवढा स्पीकर बसतो, त्यातून डिझेलचा खर्ज येत नाही.

जागेची काळजी तर अजिबात नको. ‘इंगलनूक’ नावाची एक मांडणी आहे, ब्रिटनच्या अ‍ॅलन राइट यांची. तीन सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ), एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांत तीन-तीन, आणि पुढे इंजिन अधिक तीन वाघिणी मावतील एवढा रूळ. वाघिणी एकूण आठ. चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने गाडी लावायची. असे 6,720 क्रम होतात. पाचेक फूट लांब आणि फूटभर रुंद फळी पुरते, पॉइंट फक्त दोन लागतात. आमच्याकडे जेवणानंतर घरातलं कुणीतरी चिठ्ठ्या काढतं आणि दुसरा लावतो. सासूबाई माझ्यापेक्षा कमी चालींत लावतात आणि मला ते बघायला फार आवडतं.

तुमच्यासाठी माझं मत क्लास 08. तुमच्या सेटमधल्या वाघिणींना ब्रिटिश पद्धतीची हुकाची कपलिंग (डबे जोडायची कडी) आहे, 44-टनरला अमेरिकन नकल कपलर असतो, आणि ते दोन्ही एकमेकांत अडकत नाहीत. सगळ्या वाघिणींची कपलिंग बदलण्यापेक्षा दोन चांगले पॉइंट घेणं स्वस्त पडेल. तरीही 44-टनरवरच जीव जडला असेल तर त्याच्या सोबतचा अ‍ॅडाप्टर नीट वाचा. अमेरिकन सेटमधला बऱ्याचदा फक्त 120 व्होल्टचा असतो, आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावू नका. तुमच्या हॉर्नबीच्या साध्या डीसी कंट्रोलरवर डीसीचं 44-टनर चालेल, दोन्ही 12 व्होल्ट डीसीच आहेत. मॉडेल डीसीचं आहे की डीसीसीचं तेवढं दुकानदाराला आधी विचारा.