भोगीचं ताट, दूध-तुपाशिवाय
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे. थंडीचा भाजीपाला मुबलक आलाय, घरात कुणी दूध-तूप सोडलंय आणि ताट मात्र कोरडं वाटतंय. त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत.

मुलीने दूध, दही, तूप सगळं बंद केलंय. संक्रांतीला ती घरी येईल. भोगीच्या भाजीवर आम्ही एरवी तूप घालतो; ते वगळलं तर भाजी पाणचट लागते. पाच माणसांचं प्रमाण सांगा.
— वाचक, इंदिरानगर, नाशिक

भोगीच्या भाजीचा दाटपणा तुपातून येत नाही, तीळ आणि शेंगदाण्यातून येतो. तुमच्याकडे बहुधा तीळ हात आखडून पडतात. पाच जणांना पाव वाटी तीळ आणि पाव वाटी दाण्याचं कूट हवंच.

भाजीला पावट्याचे दाणे १ वाटी, सोललेले ओले हरभरे १ वाटी, तुरीचे ओले दाणे अर्धी वाटी, मटार अर्धी वाटी, लहान वांगी २०० ग्रॅम, गाजरं २, शेवग्याची शेंग १ आणि मिळाली तर पाच-सहा बोरं. हे सगळं गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात एका फेरीत मिळतं. दाणे सोललेले घेण्यापेक्षा शेंगा घ्या. सोलून ठेवलेला दाणा दुसऱ्या दिवशी जून लागतो.

तीळ मंद आचेवर भाजा. तडतडायला लागून रंग किंचित बदलला की लगेच ताटलीत काढा, कारण गरम कढईत ते भाजत राहतात आणि कडू होतात. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा. गरम वाटले तर तेल सुटून गोळा होतो आणि तो रश्शात नीट मिसळत नाही.

कढईत ४ मोठे चमचे शेंगदाण्याचं तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद. त्यात आधी पावटा परता आणि २ वाट्या आधणाचं पाणी घाला. झाकणावरही पाणी ठेवा. दहा मिनिटांनी हरभरा, तूर आणि शेवग्याची शेंग घाला, आणखी पाच-सात मिनिटांनी गाजर आणि मटार. वांगी सगळ्यात शेवटी, कारण ती सात-आठ मिनिटांत शिजतात. आधी टाकली तर त्यांचा लगदा होतो. चिरल्यापासून कढईत पडेपर्यंत ती मिठाच्या पाण्यात ठेवा, म्हणजे काळी पडणार नाहीत.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो: पावट्याचा दाणा दोन बोटांत सहज चिरडला जाईपर्यंत चिंच, टोमॅटो, बोरं यातलं काहीही घालू नका. आंबट पाण्यात दाण्याचं साल आणि गर मऊ पडत नाही. मग अर्धा तास उकळलं तरी भाजी दाताखाली टणकच. ‘शेंगा जून निघाल्या’ अशी तक्रार होते, तेव्हा पुष्कळदा चूक चिंच लवकर पडल्याची असते. मऊ करायला सोडा तर मुळीच नको. त्याने दाणे पिठाळ होतात आणि चव साबणासारखी येते.

दाणा शिजला की २ चमचे काळा मसाला, मीठ, तीळ-कूट, बोरं, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ आणि सुपारीएवढा गूळ. मंद आचेवर पाच मिनिटं. तेल वर दिसायला लागलं की झालं. कूट पडल्यावर आच मोठी ठेवली तर भाजी तळाला लागते, तेव्हा मध्ये दोनदा तळापासून ढवळा. भाकरीवर लोण्याऐवजी तिळाची किंवा खुरासणीची (कारळ्याची) चटणी आणि तिच्यावर घाण्याचं कच्चं तेल घाला.

बाजरीची भाकरी थापताना कडेने चिरते आणि फुगत नाही. पीठ तर चांगल्या बाजरीचं आहे.
— वाचक, सिन्नर

दळून किती दिवस झाले ते आधी पाहा. बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो, त्यामुळे पीठ लवकर खवट होतं आणि त्याची विरी, म्हणजे एकत्र धरून राहण्याची ताकदही जाते. चिमूटभर जिभेवर ठेवा. कडू लागलं तर त्याची भाकरी सुधारणार नाही. आठवड्याला पुरेल एवढंच दळून आणा.

पीठ ताजं असेल तर चूक पाण्यात आहे. गव्हासारखा चिकटपणा बाजरीत नसतो. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. १ वाटी पिठाला अर्ध्या वाटीहून थोडं जास्त कढत पाणी लागतं, पण ते थोडं थोडं घाला. तळहाताच्या टाचेने दोन-तीन मिनिटं चांगलं रगडा. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा.

फुगत नसेल तर तव्यावर टाकल्यावर पाणी फिरवून ती कधी उलटता ते बघा. वरचं पाणी दिसेनासं होऊ लागलं की लगेच उलटायची. पूर्ण सुकू दिली तर पापुद्रा तडकतो आणि वाफ तिथूनच निघून जाते. ओली असताना उलटली तर तव्याला चिकटते.

नागलीचं (नाचणीचं) पीठ असं नुसत्या कढत पाण्याने जमत नाही. पेठ-सुरगाण्याकडची नागली आणली असेल तर तिची उकड काढा: १ वाटी पाणी उकळून मीठ घाला, त्यात १ वाटी पीठ, ढवळून पाच मिनिटं झाकण, मग गरम असतानाच मळणं.

दूध न वापरता ताक होतं का? शेंगदाण्याचं दही लावून पाहिलं, दोनदा लागलंच नाही.
— वाचक, निफाड

होतं, पण तुमच्याकडच्या थंडीत सकाळपर्यंत लागेल ही अपेक्षा ठेवू नका. १ वाटी शेंगदाणे आठ तास भिजवून सालं चोळून काढा, ३ वाट्या पाण्यात बारीक वाटून फडक्याने गाळा. हे दूध मंद आचेवर पाच-सात मिनिटं ढवळत उकळा, नाहीतर दह्याला कच्च्या दाण्याचा वास राहतो. बोट सोसेल इतकं कोमट झाल्यावर विरजण म्हणून सहा-सात हिरव्या मिरच्यांचे देठ बुडवा. भांडं घोंगडीत गुंडाळून डब्यात बंद करा आणि बारा ते सोळा तास हलवू नका. बहुधा तुम्ही विरजण गार दुधात घातलं असेल, किंवा भांडं उघड्या ओट्यावर राहिलं असेल.

खाली पाणी आणि वर दाट थर आला तर ते नासलेलं नाही. घुसळलं की एकजीव होतं. मात्र गुलाबी किंवा नारिंगी डाग दिसले तर सगळं फेकून द्या. ताकात जिरं, आलं, कोथिंबीर भरपूर घाला. फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नको.

कांद्याचं वाटण हल्ली पाणचट होतं, रंगही येत नाही.
— वाचक, पंचवटी

थंडीत बाजारात लाल कांदा असतो आणि त्यात पाणी जास्त. उन्हाळ कांदा जेवढ्या वेळात परतून होतो, तेवढ्या वेळात हा होणार नाही. अख्खा कांदा सालीसकट जाळावर भाजा, बाहेरचा काळा थर काढा, मग वाटा. मीठ परतताना घालू नका, आणखी पाणी सुटतं.

दूध सोडल्यावर कॅल्शियमचं काय? आणि दह्याशिवाय द्राक्षांचं रायतं जमेल का?
— वाचक, गंगापूर रोड, नाशिक

१०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तीळ आणि हिरव्या पालेभाज्या जोडीला आहेतच. पण जीवनसत्त्व ब-१२ भाजी-धान्यातून मिळत नाही. दूधही बंद असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. यात टाळाटाळ नको, कारण त्याची कमतरता नसांवर परिणाम करते आणि बराच काळ कळतही नाही.

रायतं मोहरी फेसून करा. २ चमचे मोहरी कोरडी कुटून तीन-चार चमचे गार पाणी घाला आणि पांढरट फेस येऊन नाकात झणका जाईपर्यंत घोटा. गरम पाणी घातलं तर हा झणका तयारच होत नाही, नुसता कडवटपणा उरतो. त्यात २ चमचे किसलेला गूळ, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, २ चमचे दाण्याचं कूट आणि अर्धी चिरलेली २ वाट्या द्राक्षं. द्राक्षं वाहत्या पाण्याखाली मणी सुटे करून धुवा, कारण घडाच्या आतल्या देठांपाशी फवाऱ्याचा अंश राहतो. धुतल्यावर पुसून कोरडी करा. वाढायच्या अर्धा तास आधीच कालवा. त्याहून लवकर केलं तर गुळामिठाने पाणी सुटतं आणि रायतं पातळ होतं.