नोकरी, लोकल, मुलं या धबडग्यात रोजची प्रार्थना टिकवायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंही नोकरीला, सकाळी सातची लोकल, मुलं लहान. रविवारी उपासनेला जाता, पण सोमवार उजाडला की देवाची आठवण थेट पुढच्या रविवारी. दर जानेवारीत बायबल वाचायला घेता, फेब्रुवारीत सुटतं.

आधी फेब्रुवारीचं बघू, कारण त्यात आळसापेक्षा गणिताचा दोष जास्त आहे. प्रॉटेस्टंट बायबलचे अध्याय ११८९, म्हणजे वर्षात संपवायला रोज सव्वातीन. उत्पत्तीपासून रोज तीन घेतले तरी पहिले तीन आठवडे भराभर जातात: अब्राहाम, याकोब, योसेफ, मोशे, नुसत्या गोष्टी. २५ जानेवारीला निर्गमाचा २५वा अध्याय येतो आणि निवासमंडपाची, म्हणजे रानातल्या उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात. पडदा २८ हात लांब, चार हात रुंद, त्याला इतक्या कड्या, इतके आकडे. महिना संपता संपता लेवीय, म्हणजे यज्ञांच्या आणि शुद्धतेच्या नियमांचं पुस्तक. इथे एक दिवस चुकला की उद्या सहा अध्याय, परवा नऊ. वाचन बंद पडतं ते या थकबाकीमुळे.

त्यापेक्षा नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा दुसरा भाग, घ्या. अध्याय २६०. सोमवार ते शुक्रवार रोज एक, ५२ आठवडे, हिशेब चोख बसतो. सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. १६ अध्याय, तीन आठवडे आणि एक दिवस. शनिवारी राहिलेला एखादा अध्याय वाचा. जास्त राहिले असतील तर सरळ सोडून द्या आणि आजच्या तारखेचा उघडा. भरपाई करायची नाही, हा नियम मोडू नका.

वेळ ‘मिळाली की’ म्हणाल तर मिळणार नाही. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला वाचन बांधा. चहा उकळायला ठेवल्यापासून कप रिकामा होईपर्यंत एक मध्यम अध्याय सहज होतो. बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याचं बघा, तो प्रार्थना करायचा ती अशी: दिवसातून तीनदा, त्याच माडीवरच्या खोलीत, यरुशलेमेकडच्या त्याच खिडक्यांसमोर. वेळही ठरलेली, जागाही. बायबल कपाटात ठेवलंत तर ते कपाटातच राहील. चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवा, पिशवीत घालून, नाहीतर पानांना तेलकट बोटं लागतात. मोबाइलवर वाचायला ना नाही, पण त्यावर आधी सोसायटीचा ग्रुप उघडतो हे तुम्हालाही ठाऊक आहे.

लोकलमध्ये उभं राहायलाच जागा नसते, तिथे वाचायचं सोडा. पाठ केलेलं म्हणा. २३व्या स्तोत्राची वचनं, म्हणजे क्रमांक घातलेल्या ओळी, सहा. आठवड्याला एक धरलं तर दीड महिन्यात स्तोत्र तोंडपाठ.

घरची प्रार्थना जेवणानंतर, भांडी उचलायच्या आधी, सात मिनिटं. मुलं पाच-सहा वर्षांची असतील तर त्याहून लांबवू नका. गाण्याचं एक कडवं, दहा वचनं, प्रत्येकाचं एक आभाराचं आणि एक मागणीचं वाक्य, शेवटी प्रभूची प्रार्थना. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं इथे फार सोयीची. आपल्या अभंगाच्या वळणाची असल्यामुळे पेटीवाचून टाळीवर म्हणता येतात. वाचायला सोप्या मराठीतली आवृत्ती घ्या. ‘ह्यास्तव’ आणि ‘तथापि’ला मुलं जांभया देतात. कॅथलिक घरात रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, असेल तर दहा-दहा ‘नमो मारिया’च्या पूर्ण पाच दशकांना, सुरुवातीच्या तीन धरून ५३ ‘नमो मारिया’ना, पंधरा-वीस मिनिटं लागतात. लहानग्यांबरोबर एकच दशक म्हणा, उरलेली मोठ्यांनी नंतर.

ही प्रार्थना बिघडते ती बहुधा मोठ्यांमुळे. वडील प्रवचन सुरू करतात. किंवा डोळे मिटून, सगळ्यांच्या देखत, ‘प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाइल कमी बघू दे.’ ही प्रार्थना देवाला नसते, ते मुलालाही कळतं. पुढच्या आठवड्यात त्याचं पोट दुखायला लागतं. त्याच्याबद्दलची मागणी त्याच्यामागे करा. त्याच्यासमोर स्वतःची चूक कबूल करा, ‘आज मी चिडलो, मला क्षमा कर.’ त्याने मूल जास्त शिकतं.

ऑफिसात बायबलमधल्या नहेम्याची, पर्शियाच्या राजाच्या प्यालेबरदाराची, रीत वापरा. राजा अर्तहशश्त विचारतो, तुला काय हवंय? हा आधी मनातल्या मनात देवाची प्रार्थना करतो आणि मग राजाला उत्तर देतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये मावलेली प्रार्थना. खोचक मेलला उत्तर पाठवण्यापूर्वी एवढीच करा: ‘प्रभू, दया कर’, एक श्वास, मग बोट. मात्र त्याआधी किस्लेव ते नीसान या यहुदी महिन्यांत, असे चारेक महिने तो याच गोष्टीसाठी, म्हणजे उद्ध्वस्त यरुशलेमेसाठी, प्रार्थना करत होता. म्हणून ऐन वेळी त्याला ती सुचली. सकाळचा अध्याय बंद करून नुसत्या श्वासावर भागवायला गेलात तर दोन आठवड्यांत श्वासही विसराल.

रात्री तीन मिनिटं दिवसाचा आढावा घ्या. जेज्विट संघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नाशियसने १६व्या शतकात घालून दिलेला क्रम अजून चालतो: आधी आभार, मग प्रकाश मागणं, मग दिवस तासातासाने आठवणं, चुकलं त्याची क्षमा, शेवटी उद्याचा एक निश्चय. लोक आभार गाळून थेट चुकांवर येतात आणि खट्टू होऊन झोपतात. बसून करा, आडवं झालात की तिसऱ्या पायरीला घोरणं.

आता पैसा. दशांश, म्हणजे देवाच्या कामासाठीचा उत्पन्नाचा दहावा भाग, पगार जमा झाला त्याच दिवशी बाजूला काढा, महिनाअखेरीला उरत नाही. डोक्यावर कर्ज असेल तर दोन-तीन टक्क्यांनी सुरुवात करा आणि एक हप्ता फिटला की वाढवा. पण घरकामाच्या मावशींचा पगार दहा तारखेपर्यंत लांबवून पहिल्या रविवारी पाकीट टाकू नका. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश देऊन न्याय नि दया विसरणाऱ्यांना येशू काय म्हणाला ते मत्तयाच्या २३व्या अध्यायात आहे. आणि वर मी लेवीयाला नावं ठेवली खरी, पण त्याचा १९वा अध्याय तेवढा सुटा काढून वाचा. ३७ वचनं. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नकोस, हे १३वं.