सही नाही केली तर माहेर तुटेल?

प्रश्न : आईवडिलांच्या पश्चात राजापूरकडच्या चार एकर आंब्याच्या बागेच्या सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावंडांची नावं लागली. दादाला मुंबईचं गिऱ्हाईक मिळालंय. धाकटा विकायला तयार नाही. दादा म्हणतो, तू हक्कसोडपत्रावर सही कर, पैशांचं नंतर बघू. वहिनी म्हणतात, सही नाही तर माहेर विसरा. काय करू? (एक बहीण, डोंबिवली)

उत्तर : तुम्ही पाठवलेला मसुदा वाचला. त्यात 'स्वखुशीने व विनामोबदला' असे शब्द आहेत. हा दस्त नोंदवला की तुमचा हिस्सा गेला. मग 'नंतर बघू' कुणाला ऐकवणार? यावर सही करू नका. विकायचंच ठरलं तर खरेदीखतात 'लिहून देणार', म्हणजे विकणारी, म्हणून तुमचंही नाव हवं, तिसऱ्या हिश्श्याचा धनादेश तुमच्या नावाने हवा आणि त्याचा नंबर दस्तातच. विक्रीचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने विकायचा अधिकार, तोही कुणाला देऊ नका.

दादा लबाड आहे असं मात्र पत्रावरून वाटत नाही. वडील गेल्यापासून फवारणी, राखण, गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, डागडुजी त्यानेच केली आणि मे महिन्यात तुमच्याकडे पेट्याही पोचल्या, हे तुम्हीच लिहिलंय. तो खर्च आधी बाजूला काढून मग तीन वाटे करू, असं आपणहून म्हणा. हे कायद्याचं नाही, माझं मत आहे.

आता धाकटा. दादा आपला अविभक्त हिस्सा एकटाही विकू शकतो, पण वाटप होईपर्यंत घेणाऱ्याला 'ही झाडं माझी' म्हणून कुंपण घालता येत नाही. शहाणं गिऱ्हाईक अशा सौद्यात पडत नाही. शिवाय हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 22 नुसार एका वारसाने हिस्सा विकायला काढला तर तो आधी घेण्याचा हक्क इतर वारसांना आहे. धाकट्याला बाग हवी तर त्याने पैसे उभे करावेत. नुसतं 'बाबांची आठवण' म्हणत दोघांना अडकवून ठेवणं मला पटत नाही. तेही जमत नसेल तर तिघांच्या संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घ्या. संमतीच नसेल तर दिवाणी दावा, आणि त्याचा निकाल बघायला कधीकधी नातवंडं लागतात.

गणपतीला सगळे गावी असालच. पंगतीत विषय काढू नका. सकाळी तिघंच बागेत जा. वहिनींमार्फत निरोप नको.