वाचकांचे प्रश्न: केबल काढली की कर्नल कोसळतो

प्रश्न: एका छोट्या बोर्डसाठी मी लिनक्सचा एचडीएमआय ड्रायव्हर लिहीत आहे. गाणे चालू असताना केबल काढली की कर्नल (लिनक्सचा गाभा) ईएलडी वाचणाऱ्या फंक्शनमध्ये कोसळतो. तिथे त्रुटी परत करणे पुरेसे आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर: पुरेसे नाही, आणि माझ्या मते ते योग्यही नाही. ईएलडी म्हणजे पडद्याच्या ईडीआयडीवरून (पडदा स्वतःबद्दल पाठवतो त्या माहितीवरून) ड्रायव्हरने तयार केलेला, आवाजाच्या क्षमता सांगणारा १२८ बाइटांचा तक्ता. चित्र बंद होताना तुमचा ड्रायव्हर चालू कनेक्टरचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) रिकामा करतो, पण आवाजाची बाजू मात्र स्वतःच्या वेळेनुसार, वेगळ्या थ्रेडमधून (समांतर चालणाऱ्या कामातून) तो तक्ता मागत राहते. म्हणून केबल न लावता बोर्ड सुरू केला आणि पाइपवायर या साउंड सर्व्हरने साउंड कार्ड उघडले, तरी हाच अपघात होईल. पडदा नसणे ही चूक नसून नेहमीची अवस्था आहे, असे मानूनच ते फंक्शन लिहावे.

पॉइंटर रिकामा असेल तर मागणाऱ्याचा बफर (तक्ता ठेवायची जागा) शून्यांनी भरून यश कळवा. एचडीएमआय-कोडेकमध्ये (कर्नलमधील एचडीएमआय आवाजाच्या सामाईक ड्रायव्हरमध्ये) त्रुटी परत केली तर साउंड कार्ड उघडतच नाही. उलट शून्यांचा तक्ता मिळाला, तर अल्साचा (लिनक्सच्या आवाज-प्रणालीचा) ईएलडी-नियम त्यात काहीच न सापडल्यामुळे ३२, ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ व जास्तीत जास्त दोन चॅनेल एवढ्या मूळ मर्यादेवर थांबतो.

पॉइंटरची तपासणी आणि तक्त्याची नक्कल ही दोन्ही कामे एकाच म्यूटेक्सखाली (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाखाली) झाली पाहिजेत, नाहीतर दोहोंच्या मधल्या क्षणी केबल निघेल आणि कर्नल पुन्हा कोसळेल. येथे एक सापळा आहे, आणि त्यात अनुभवी माणसेही अडकतात. पडदा जोडल्याची सूचना तुम्ही कॉलबॅकने (कोडेकने आधी नोंदवून ठेवलेल्या फंक्शनने) देता, तेव्हा कोडेक त्याच कॉलबॅकच्या आतून तुमच्याकडे ईएलडी मागतो. म्हणजे तोच म्यूटेक्स धरून कॉलबॅक बोलावला, तर थ्रेड स्वतःचीच वाट पाहत कायमचा अडकेल. म्हणून कुलूप सोडून मगच सूचना द्या.

केबल निघाल्याची सूचनाही विसरू नका, कारण तिच्यावरूनच जॅकची (केबल जोडली आहे की नाही याची) नोंद बदलते आणि वरचा साउंड सर्व्हर आवाज स्पीकरकडे वळवू शकतो. कॉलबॅक नोंदवला जाताच त्या घडीची स्थिती लगेच कळवा, कारण पडदा त्याआधीच जोडलेला असू शकतो. एकाच बदलात एक पडदा जाऊन दुसरा येत असेल, तर एएमडीच्या ड्रायव्हरचा क्रम अनुसरावा: तो आधी गेलेल्या सर्व पडद्यांची सूचना देतो आणि नंतरच नव्यांची.

दुरुस्तीनंतर पहिली चाचणी केबल न लावता करा, आणि दुसरी गाणे चालू असताना केबल वारंवार काढून व लावून, कर्नलचे लॉकडेप (कुलपांच्या चुका पकडणारी तपासणी) चालू ठेवून करा.